शेतातलं हिरवं कुणाचं?

आग्रही : खरिपातल्या तणाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, हे आधी मान्य करू या. सोयाबीन पेरल्यावर १५ ते २० दिवसांनी, तण दोन-चार पानांवर असताना एकरी ४०० मिली इमॅझेथापायर फवारलं की गवत आणि रुंद पानांची बरीचशी तणं एकाच फेरीत थांबतात. नुसतं गवतच मातलं असेल तर क्विझालोफॉप इथाइल आहे. ते सोयाबीनला सोडून गवतालाच कसं मारतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. गवताच्या कुळात स्निग्धाम्लं तयार करणारं एक विकर असतं, ते हे औषध बंद पाडतं. सोयाबीनमध्ये त्याच कामाचं विकर वेगळ्या घडणीचं, त्याला धक्का लागत नाही. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी शेतात जा आणि गवताचा पोंगा चिमटीत धरून ओढा. अलगद हातात येतो, बुडाशी तपकिरी आणि कुजलेला. बाहेरची पानं अजून हिरवी असतात, पण झाड संपलेलं असतं. जे काम करायला बायकांची अख्खी टोळी दिवसभर वाकून बसायची, ते आता एक माणूस पाठीवरच्या पंपानं सकाळच्या प्रहरात उरकतो. एवढं हातात असताना तणनाशकाचं नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारे लोक मला समजत नाहीत.

साशंक : आठ्या औषधाच्या नावानं पडत नाहीत, ते कायमचं चालेल या भरवशामुळे पडतात. हरियाणा-पंजाबच्या गव्हात हाच भरवसा होता. तिथलं मुख्य गवत गुल्लीदंडा. कोवळेपणी ते आणि गहू इतके सारखे दिसतात की जाणता माणूसही रोप उपटून बुडाशी पाहतो. गुल्लीदंड्याचं खोड तिथे लालसर असतं, गव्हाचं नसतं. त्यावर आयसोप्रोट्युरॉन नावाचं स्वस्त आणि रामबाण औषध मिळालं. भातामागून गहू, गव्हामागून भात, आणि दरवर्षी तेच औषध. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हरियाणातल्या शास्त्रज्ञांना दिसलं की औषध मारूनही गुल्लीदंडा तसाच उभा आहे. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी हिरवा गहू कापून जनावरांना घातला, कारण त्यात धान्य येण्याची आशा उरली नव्हती. मग १९९७-९८च्या सुमाराला क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधं आली. काही वर्षांनी त्यांनाही न जुमानणारं गुल्लीदंड्याचं पीक निघालं. औषधानं त्या गवताला काही शिकवलं नव्हतं. न मरणारी थोडी रोपं शेतात आधीपासूनच होती. बाकीची मेली, यांना जागा, पाणी आणि खत मिळालं, आणि पुढच्या वर्षीचं बी यांचंच पडलं. इंग्लंडात काळ्या कणसाच्या गवताबाबत हेच १९८२ साली सापडलं होतं. तुमचं क्विझालोफॉप आणि हरियाणातलं क्लोडिनाफॉप एकाच विकरावर घाव घालतात, हे विसरू नका.

आग्रही : विसरत नाही. पण माणसानं तणावर जो जो उपाय केला, त्या प्रत्येकातून निसटणारं तण निघालंच आहे. निंदणीतूनही. भातातलं पाखड घ्या. शेकडो वर्षं बायका भातखाचरात उतरून वेगळं दिसेल ते उपटत आल्या. जे भातासारखं दिसलं ते वाचलं, त्याचं बी पडलं. आज त्या कुळातल्या एका गवताची ठेवण भाताशी इतकी जुळते की ओळखायला पानाचा सांधा उघडून बघावा लागतो. भाताच्या पानाला सांध्याशी पांढुरका पातळ पापुद्रा असतो, या गवताला तो नसतोच. छत्तीसगडात रानभात ओळखता यावा म्हणून जांभळ्या पानांचा भाताचा वाण काढावा लागला. म्हणजे माणसाच्या डोळ्यालाही तणानं चकवलं. तेव्हा आपण निंदणी सोडून दिली का? लोखंडी नांगराचं पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून लोक तो विकत घ्यायला धजत नव्हते. पुढे काळ्या रानातला कुंदा आणि हरळी खोलवरून उपसायला तोच नांगर लोकांनी आपला मानला. नवं साधन आलं की भीती वाटते, ती ओसरते, आणि मग आपण ते वापरायला शिकतो.

साशंक : पाखडाचं उदाहरण तुमच्याकडे झुकतं असं तुम्हाला वाटतं, मला ते उलट दिसतं. डोळ्याला चकवायला त्या गवताला शेकडो वर्षं लागली. आयसोप्रोट्युरॉनला चकवायला १०-१५ पुरली. फरक इथे आहे. निंदणारी बाई रोप बघून उपटते, तिच्या हातून एक सुटलं तरी पुढच्या फेरीत सापडतं. कोळपं ओळींमधलं कापतं. रब्बी ज्वारीच्या सोलापुरी रानात पेरणीआधी खरीपभर कुळवाच्या पाळ्या घालतात. दर पावसानंतर उगवलेलं गवत दर पाळीला मरतं, ओल टिकते आणि ज्वारी पडेपर्यंत वरच्या थरातलं बरंच बी खर्ची पडलेलं असतं. वेगवेगळ्या रीतीनं, वेगवेगळ्या दिवशी घाव बसतो, म्हणून एकाच घावातून निसटणारं गवत तिथे मालक होत नाही. एकाच औषधाची एकच फवारणी हा एकच दरवाजा आहे. त्यातून जो निसटला, त्याला पुढे अडवणारं कुणी नसतं. लोखंडी अवजारांबद्दलही एक सांगतो. हरळी आणि लव्हाळ्यात रोटाव्हेटर घाला, मग बघा. हरळीच्या कांड्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक डोळा फुटतो. यंत्राला दोष देत नाही. कुठलं तण आहे हे न बघता घातलेलं यंत्र तण वाढवतं, एवढंच.

आग्रही : सोलापूरचं रान आणि आमचं विदर्भाचं रान एक नाही. तुमच्याकडे पाऊस थांबतो, जमीन वाफशावर येते, कुळव चालतो. आमच्या काळ्या मातीत जुलैमध्ये झड लागली की दोन-दोन, तीन-तीन आठवडे वाफसा येत नाही. बैल रुततात, डवरा चिखलात फिरत नाही, निंदायला बसलेल्या बाईच्या पायाखाली सोयाबीनची मुळं दबतात. त्या तीन आठवड्यांत गवत गुडघ्याला लागतं. आणि सोयाबीनचं भवितव्य नेमकं त्याच काळात ठरतं. पहिले ४०-४५ दिवस रान स्वच्छ राहिलं तर पुढे पीक स्वतःच्या सावलीनं तण दाबतं. ते दिवस हुकले तर नंतर सोन्याचं खुरपं आणलं तरी गेलेलं उत्पादन परत येत नाही. अशा वेळी पावसानं दिलेल्या एका उघडिपीत अख्खं रान उरकणारं साधन तणनाशकाशिवाय कुठलं? शिवाय जमीन न नांगरता शेती करायची म्हणणाऱ्यांनाही हेच साधन लागतं. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे एकदा करायचे, पुन्हा नांगरायचे नाहीत, कापणीनंतरची धसकटं ग्लायफोसेटनं मारायची आणि मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यातून माती भुसभुशीत होते, गांडुळं येतात, चिखलणी वाचते. नांगरही नको आणि औषधही नको म्हणाल तर मग बायकांची पाठच उरते.

साशंक : झडीचा मुद्दा मी खाली पडू देणार नाही, तो खराच आहे. पण त्याच्या आधीची एक गोष्ट विचारतो. झड लागण्याच्या दिवशी तुमच्या रानात किती गवत होतं, कुठल्या जातीचं, किती पानांवर, हे तुम्हाला माहीत असतं का? बहुतेकांना नसतं. कृषी केंद्रातून डबा आणतात तेव्हा तण कोणतं हे दुकानदार विचारत नाही, शेतकरी सांगत नाही. लव्हाळ्याला सगळे गवतच म्हणतात. त्याचा दांडा दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात. तो गवताच्या कुळातला नाही, त्याच्यावर क्विझालोफॉप ओतलं तरी तो जमिनीतल्या गाठींतून पुन्हा येतो. केना गवत नाही, पण गवतात वाढतो. गवतावरचं औषध मारलं, गवत मेलं, मोकळी झालेली जागा केन्यानं घेतली आणि शेतकरी म्हणतो औषध बनावट होतं. पंपाची गोष्ट तर आणखी वाईट. ज्या पंपानं ज्वारीत २,४-डी मारलं तोच नीट न धुता कपाशीत नेला, की कपाशीची पानं बोटांसारखी अरुंद होऊन लोंबतात. अशी कपाशी वऱ्हाडात दर हंगामात बघायला मिळते. आणि कीटकनाशकाचं कोन नोझल लावून तणनाशक मारायचं, मग पट्टे सुटतात, त्या पट्ट्यांत अर्धमेलं गवत पुन्हा उभं राहतं. हे सगळं न बघण्यातून होतं.

आग्रही : बघायचं म्हणजे काय करायचं? सगळं रान चालून जायचं म्हणता का? आता उपग्रहाचं चित्र दर काही दिवसांनी मोबाइलवर येतं, ड्रोन तासाभरात वावराचा नकाशा काढतं. कुठे हिरवं दाट, कुठे विरळ, ते रंगात दिसतं. पीक कसं वाढलंय हे बांधावर उभं राहून कपाळावर हात धरून ठरवायचे दिवस गेले.

साशंक : त्या चित्रातलं हिरवं कुणाचं? उपग्रहाला पानाचं हिरवेपण कळतं, पान कुणाचं ते कळत नाही. सोयाबीन बसलेलं आणि वर गवत माजलेलं रान त्या नकाशात उत्तम पीक म्हणून उठून दिसतं. ओळी नीट असल्या आणि ड्रोन खालून उडालं तर ओळींच्या मधलं हिरवं वेगळं काढता येतं, हे मान्य. पण सोयाबीनच्या ओळीतच उगवलेलं गवत कोवळेपणी त्यालाही सापडायला जड जातं. पिकाची वाढ बघायची तर मला साधी रीत आवडते. सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर असेल तर ओळीच्या एका मीटरमध्ये सुमारे २० रोपं हवीत, हेक्टरी साडेचार लाखांच्या जवळपास. दहा-बारा ठिकाणी मीटरपट्टी टाकून मोजा. जिथे १२ भरतील तिथे तुटाळ आहे. त्या तुटाळीत ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि गवत आधी तिथेच येतं. नांग्या भरायची वेळ गेली असेल तर निदान पहिलं कोळपं कुठे नेमकं घालायचं ते कळतं. महिन्याभरानं दोन रोपं हलक्या हातानं उपटा, मुळांवरच्या गाठी नखानं फोडा. आत गुलाबी दिसलं तर नत्राचं काम सुरू आहे. तणनाशकानंतर पीक आठवडाभर पिवळं पडून थबकतं, त्यातून ते सावरलं की नाही, हेही याच पाहणीत कळतं. पिकाची वाढ आणि तणाची वाढ या दोन वेगळ्या पाहण्या नाहीतच.

आग्रही : पण दहा-बारा ठिकाणं कोण निवडणार? शेतकरी जिथून आत शिरतो तिथलं बघतो, आणि बांधाजवळ पीक नेहमीच वेगळं असतं. तुमची मीटरपट्टी काय किंवा एक चौरस मीटरची लोखंडी चौकट काय, ती हात नेईल तिथे पडते.

साशंक : हा आक्षेप फार जुना आणि फार योग्य आहे, आणि त्याला उत्तर देणारा माणूस साताऱ्याकडच्या बुध गावचा. १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४०च्या दशकात पिकाचं उत्पादन ठरवायचं ते पाटील-तलाठ्यांच्या नजर अंदाजावर की यदृच्छेनं निवडलेल्या तुकड्यांतलं पीक प्रत्यक्ष कापून, हा वाद देशभर पेटला होता. कापून मोजायचं यावर तज्ज्ञांचं एकमत झालं, पण तुकडा केवढा असावा यावर सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्यात मतभेद राहिला. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त भरतं. कारण अगदी साधं आहे. कडेवर येणारं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणारा ते आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा, तितकी चूक मोठी. आजही पीक विम्यासाठी कापणी प्रयोग होतात तेव्हा तुकड्याचं माप आणि जागा आधी ठरलेली असते, ती या विचारामुळे. तण मोजतानाही हेच लागू आहे. चौकट लहान असेल तर कडेवरचं गवत आत येतं. आणि तण तर रानभर सारखं पसरतही नाही, ठिगळांनी असतं. खताचा ढीग पडला होता तिथे, मळणी यंत्र उभं राहिलं होतं तिथे, पाणी साचतं तिथे. चौकट ठिगळात पडली तर वाटतं रान गेलं, बाहेर पडली तर वाटतं रान स्वच्छ. म्हणून तणाच्या बाबतीत सरासरीपेक्षा ठिगळांचा नकाशा कामाचा, आणि तो चालल्याशिवाय होत नाही.

आग्रही : हे ऐकून माझीच बाजू भक्कम होते. ठिगळं माहीत झाली तर ठिगळांपुरतंच फवारा. चौकटीत अमुक रोपांपेक्षा कमी गवत असेल तर फवारूच नका, खर्चापेक्षा नुकसान कमी आहे. शास्त्र याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतं. किडींच्या बाबतीत आपण ती मानतो, गवताच्या बाबतीतही मानू या. औषध कमी लागेल, प्रतिकारही लांबेल.

साशंक : किडीची पातळी गवताला लावू नका, इथेच मोठी गफलत होते. किडीची ही पिढी पुढच्या हंगामात तुमच्याच वावरात राहील याची खात्री नसते. गवताची असते. चौरस मीटरमध्ये दोन रोपं यंदाच्या सोयाबीनला काही करणार नाहीत, पण दोघांचं मिळून शेकडो बी तिथेच पडतं. त्यातलं काही पुढल्या पावसात उगवतं, काही खाली गाडलं जाऊन वर्षानुवर्षं वाट बघतं. पातळी यंदाचं नुकसान मोजते. गवताचं खरं नुकसान पुढच्या वर्षांत असतं. म्हणून मला विचाराल तर तणाची सगळ्यांत महत्त्वाची पाहणी पेरणीनंतर २० दिवसांची नाही. ती सप्टेंबरात, सोयाबीन पिवळं पडायच्या आधी, पिकाच्या वर डोकावणारी गवताची कणसं मोजायची. फवारणीतून, कोळप्यातून, निंदणीतून जे निसटलं ते तिथे उभं असतं. त्यातलंच एखादं रोप औषधाला न जुमानणारं असतं. कणीस पिकून झडायच्या आत ते उपटून शेताबाहेर नेलं तर हरियाणातली गोष्ट आपल्याकडे घडायला बराच वेळ लागेल. कापणीच्या वेळी ते मळणी यंत्रात गेलं, की यंत्राबरोबर गावच्या दहा वावरांत जातं.

आग्रही : आणि ते उपटणार कोण? सप्टेंबरात भाद्रपदाचं ऊन, गुडघ्यापर्यंत सोयाबीन, खाली साप-विंचू. त्या वेळी यंदाच्या उत्पादनाला ज्याचा पैचा फायदा नाही अशा कामासाठी मजुरी कोण देईल? ज्याची जमीन ठोक्यानं आहे, तो तर मुळीच देणार नाही. पुढच्या वर्षी ते रान त्याच्याकडे असेल की नाही हेच माहीत नसतं. निंदणीबद्दल लिहिणारे लोक बाईच्या नजरेचं कौतुक करतात, पण दिवसभर उकिडवं बसून तिचे गुडघे आणि कंबर जाते ते कौतुकात येत नाही. अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे २०१९ साली शेतकरी संघटनेनं बंदी झुगारून तणनाशक सहन करणारी कपाशी पेरली, ती काही हौसेनं नाही. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही.

साशंक : गुडघ्यांचं तुम्ही बोललात ते मला पटतं. त्याच निंदणीच्या मजुरीवर मुलांच्या वह्या घेणाऱ्या बायाही आहेत, आणि धुऱ्यावरून घोळ, तांदुळजा, कुर्डू खुडून संध्याकाळची भाजी करणाऱ्याही. त्यांचं काम गेलं त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. पण म्हणून त्यांनी वाकतच राहावं असं मी म्हणणार नाही. उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं, रुंद वरंबा सरीवरची पेरणी, पहिल्या पावसानंतर आलेलं तण वखरानं मारून मग पेरणं, हरभऱ्याच्या वर्षी गवत संपवून घेणं आणि ज्वारी-गव्हाच्या वर्षी रुंद पानांची तणं, हे सगळं पाठ न मोडता होतं. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला माझा विरोध तत्त्वाचा नाही. एकाच ग्लायफोसेटवर सगळा जिल्हा टाकण्याला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियात तशाच कपाशीत, आपल्या तांदुळज्याच्या जातकुळीतलं एक तण २००५ साली ग्लायफोसेटला पुरून उरलं. आणि आपल्याकडे २०२२ साली ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकानंच वापरायचं असा केंद्राचा आदेश निघाला. गावात असा माणूस कुठे आहे? म्हणजे फवारणी चालू राहते, फक्त तिच्यावर लक्ष ठेवणारा कुणी नसतो.

आग्रही : मग मी असं म्हणतो. औषधाचा डबा मी सोडणार नाही, पण दरवर्षी एकाच गटाचं मारणार नाही. उगवणीआधी पेंडीमिथॅलिन किंवा डायक्लोसुलम, गरज पडली तरच पुढचं. मीटरपट्टीही टाकीन. सप्टेंबरातली कणसं माझ्या वावरातली मी काढीन. शेजाऱ्याच्या वावरातली कशी काढू? त्याचं बी पाण्याबरोबर माझ्याकडे येणारच.

साशंक : याचं उत्तर माझ्याकडेही नाही. सातबाऱ्यावर पिकाला रकाना आहे, तणाला नाही. कुठल्या गावात कुठलं औषध चालेनासं झालं, याची नोंद गावाच्या पातळीवर कुणी ठेवत नाही, आणि एकट्या शेतकऱ्यानं ठेवून गावाचं रान स्वच्छ होत नाही. तरी वही घाला. कोपरा, तारीख, गवताचं नाव, औषधाचं नाव, गट, आणि मरून काय उरलं.

आग्रही : वही घालीन. पण झडीच्या तिसऱ्या आठवड्यात वहीत सगळं लिहिलेलं असूनही माझ्या हातात पंपाशिवाय काही नसेल, हे तुम्हीही कबूल करा.

साशंक : कबूल. त्या दिवशी पंपातलं औषध चाललं पाहिजे, म्हणूनच ज्या वर्षी कोळपं चालतं त्या वर्षी ते औषध वापरू नका.